घराशेजारी जांभ्याचं गॅरेज: पहिला चिरा उतरण्याआधी आणि नंतर

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून आत एका टेकाडाच्या उतारावर आहे. घराच्या उत्तरेला बावीस फुटांची मोकळी पट्टी होती, तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचं, म्हणजे कापलेल्या तांबड्या दगडांचं, गॅरेज उभं केलं. आराखडा मी काढला, इंजिनिअरकडून तपासून घेतला, सामान मी आणलं, आखणी आणि काँक्रीटला मी स्वतः उभा राहिलो आणि भिंतीला दोन गवंडी आणि तीन बिगारी लावले. कंत्राटदार नव्हता. ‘स्वतः बांधलं’ असं मी म्हणतो ते या अर्थाने. ज्याला रोज दोन तास साइटवर देता येतात, त्याला हे काम झेपतं. ज्याला फक्त रविवारीच जमणार असेल, त्याने कंत्राट द्यावं, हे मी मनापासून सांगतो.

मापं, सामान, क्रम हे सगळं पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट सांगतो. गॅरेजचा आराखडा गाडीपासून सुरू करू नका, पाण्यापासून सुरू करा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. गाडी चार इंच इकडेतिकडे झाली तर चालतं. पाण्याची वाट अडली तर गॅरेजचं जोतं आणि शेजारच्या घराची भिंत, दोन्ही ओलावतात.

एक पावसाळा पट्टी बघा

बांधायचं ठरलं की घाई करू नका. एक अख्खा पावसाळा त्या पट्टीकडे बघा. घराची पागोळी नेमकी कुठे पडते, अंगणातलं पाणी कोणत्या कोपऱ्यातून उतरतं, वरच्या आवारातलं पाणी गडग्यातून (दगड रचून केलेल्या कुंपणातून) झिरपून कुठे निघतं, हे जुलैत छत्री घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी चार ठिकाणी लाकडी खुंट्या मारून ठेवल्या होत्या. पाणी जिथून वाहिलं तिथली माती धुपून खडे उघडे पडले होते, त्यावरून चर कुठून काढायचा ते आपोआप ठरलं.

हिशोब सोपा आहे. माझ्या छपराचं जमिनीवरचं क्षेत्र साधारण ४० चौरस मीटर आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडे असे दिवस प्रत्येक पावसाळ्यात येतात, तर त्या छपरावरून ४,००० लिटर पाणी उतरतं. हे पाणी पूर्वी सगळ्या पट्टीभर जिरत होतं. आता ते दोन रेषांवर पडणार. त्यातली एक रेषा तुमच्या घराच्या बाजूला आणि दुसरी शेजाऱ्याच्या हद्दीकडे असते. ते कुठे सोडायचं याचं उत्तर कागदावर नसेल, तर चिऱ्याची ऑर्डर देऊ नका.

त्याच पावसाळ्यात वरही बघून घ्या. माडाखाली गॅरेज नको. सुकलेली झावळ पडली तरी कौलं फुटतात आणि नारळ पडला तर विचारायला नको. फणसाच्या किंवा आंब्याच्या मोठ्या झाडाच्या मुळांत पाया खणावा लागत असेल, तर जागा सरकवा. शौचाची टाकी, शोषखड्डा, विहिरीकडे जाणारी पाइपलाइन ही जमिनीखालची मंडळी विसरली जातात. वडिलांच्या वेळची टाकी कुठे आहे ते घरातल्या ज्येष्ठांना आत्ताच विचारा.

कागद

सातबारा आणि घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा काढा. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. मोजणी व्हायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज पावसाळ्यातच टाका. ग्रामपंचायत हद्दीत असलात तरी बांधकामाला कोणती परवानगी लागते ते विचारून घ्या. नगरपरिषदेच्या हद्दीत तर बाजूची मोकळी जागा किती सोडायची हे आधी विचारावं लागतं, कारण बऱ्याचदा आपण ज्याला ‘रिकामी पट्टी’ म्हणतो ती नियमाने मोकळी ठेवायचीच जागा असते. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर मर्यादा असलेल्या क्षेत्राची, रेषा कुठून जाते तेही बघून घ्या.

मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडली तर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात गाडी लावायच्या जागेचं माप २.५ मीटर गुणिले ५ मीटर धरतात. हे माप फक्त गाडी उभी करण्याचं आहे. चार भिंतींच्या आत दार उघडून उतरायचं असेल तर ते पुरत नाही, हे पुढे बघू.

शेजाऱ्यांना नकाशा स्वतः जाऊन दाखवा. कायदा काहीही म्हणो, “दादा, तुमच्या बाजूला पागोळी येणार नाही, पन्हळ लावून पाणी पुढे सोडतोय,” एवढं सांगून, गडग्याजवळ उभं राहून दाखवलं की पुढची दहा वर्षं सोपी जातात.

माप: फक्कीने आखा आणि गाडी आत आणा

स्विफ्टसारखी गाडी ३.८६ मीटर लांब आणि १.७३५ मीटर रुंद असते. स्कॉर्पिओ एन ४.६६ मीटर लांब आणि १.९२ मीटर रुंद. या रुंदीत आरसे धरलेले नसतात. आज तुमच्याकडे छोटी गाडी असेल, पण भिंत पन्नास वर्षांसाठी बांधतोय, म्हणून मोठी गाडी धरूनच माप घ्या.

मी आतून १२ फूट रुंद आणि २० फूट लांब ठेवलं. हे ठरलं ते अंगणात. फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) जमिनीवर आयत आखला, दोन्ही बाजूंना भिंत म्हणून बांबू आडवे टाकले आणि गाडी आत आणली. मग घरच्यांना सांगितलं, पिशव्या घेऊन, नेहमीसारखं उतरा. आधी १० फुटांचा आयत होता. आमच्या आई मागच्या सीटवरून उतरताना दार बांबूला टेकलं. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, पाय बाहेर काढायला दार पूर्ण उघडावं लागतं. तेव्हाच बांबू दोन फूट बाहेर सरकवला. कागदावर १० फूट अगदी पुरेसे दिसत होते.

लांबीत गाडीपुढे किमान तीन फूट हवेत, म्हणजे बॉनेट उघडून उभं राहता येतं. मागची डिकी वर उघडते, तिला जागा ठेवा. दाराची रुंदी ९ फूट, उंची ७ फूट ६ इंच. वर कॅरिअर लावून गणपतीला मुंबईहून येणारे पाहुणे असतील तर ही उंची कमी करू नका.

घर आणि गॅरेज यांच्यामध्ये किती जागा?

इथे माझं मत ठाम आहे. एक तर भिंतीला भिंत लावा, नाहीतर माणूस चालत जाईल एवढी, किमान तीन फूट, जागा सोडा. मधली एक-दीड फुटाची फट सगळ्यात वाईट. तिथे झाडू जात नाही, ऊन जात नाही, पाला कुजतो, उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतात. दोन्ही भिंती बाहेरून कायम ओल्या राहतात आणि नंतर गिलावा करायचा म्हटलं तर गवंड्याचा हात आत शिरत नाही.

भिंतीला भिंत लावायची असेल तर जुन्या भिंतीत नवीन चिरे दात काढून गुंतवू नका. जुनं घर आपल्या जागी बसलेलं असतं, नवं बांधकाम अजून बसायचं असतं. गुंतवलेल्या सांध्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उभी चीर जाते. दोन्ही भिंती स्वतंत्र ठेवून मधला सांधा लवचीक भरणाने बंद करणं बरं. मी मात्र घराच्या बाजूला चार फूट आणि हद्दीच्या बाजूला चार फूट सोडले. आता घराच्या बाजूच्या बोळातून सिलिंडर, सायकल आणि पावसात न भिजता माणूसही जातो, कारण घराची आणि गॅरेजची वळचण मिळून बोळ झाकला जातो. दोन पागोळ्या एकाच ठिकाणी पडतात, म्हणून तिथे काँक्रीटचा उघडा चर काढला. चर उघडाच ठेवा, झाकलेला चर कधी तुंबला ते कळत नाही.

चिरा

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड विटेसारखा कापून घेताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. आपल्याकडे घरं, देवळं, विहिरी, गडगे सगळं त्याचंच आहे. पण सगळा चिरा सारखा नसतो.

खाणीवर स्वतः जा. चांगला चिरा गडद तांबूस असतो, हातोडीच्या मागच्या बाजूने मारला तर खणखणतो. ज्यात पिवळट-पांढरी मऊ माती भरलेले मोठे पोकळ डाग दिसतात, तो बाजूला काढा. पावसात ती माती धुऊन जाते आणि चिऱ्यात बोट जाईल एवढी भोकं राहतात. पिवळसर, बोटाच्या नखाने भुगा पडणारा चिरा तर घेऊच नका. दोन चिरे घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कोपरे हाताने तुटत असतील तर ती खाण सोडा. भारतीय मानकानुसार जांभ्याच्या चिऱ्याची दाब सहन करण्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी आणि त्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. प्रयोगशाळेत कुणी एका गॅरेजसाठी जात नाही, पण शोषणाची परीक्षा घरच्या वजनकाट्यावर करता येते: पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा करा. गौण खनिज असल्याने वाहतुकीचा पास लागतो. गाडीवाल्याकडे तो मागा आणि प्रत जपून ठेवा.

किती लागतील? आमच्याकडे आलेला चिरा १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच होता. अर्ध्या इंचाची दर्ज (दोन चिऱ्यांमधला मालाचा सांधा) धरली तर भिंतीच्या दर्शनी बाजूला एक चिरा पाऊण चौरस फूट जागा भरतो. दार-खिडक्या वजा करून माझी भिंत सुमारे ४९० चौरस फूट होती, म्हणजे ६५० चिरे, फूटतूट धरून ६९०. पाया आणि जोत्यात साडेपाचशे, मधल्या खांबांना तीसेक. मी तेराशे मागवले. शेवटी पंचवीस-तीस उरले, त्यांचा तुळशीभोवती कट्टा झाला.

आखणी आणि पाया

बाहेरून माप १३ फूट ६ इंच आणि २१ फूट ६ इंच. चार खुंट्या, दोरी, आणि मग दोन्ही कर्ण मोजायचे. या मापाला कर्ण २५ फूट साडेचार ते पावणेपाच इंच यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कर्ण अगदी सारखे यायला हवेत. गवंडी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून “बरोबर आहे, साहेब” म्हणतात. गुण्या दोन फुटांचा असतो, भिंत वीस फुटांची. कोपऱ्यावर सुताएवढी चूक पुढे इंचात दिसते आणि ती पार कौलं बसवताना उघडी पडते. कर्ण स्वतः मोजा.

पातळी पाणी भरलेल्या नळीने घ्या, आणि ती रस्त्यापासून घ्या. इथे माझी चूक झाली. मी जोत्याची उंची अंगणापासून ९ इंच धरली आणि दारापुढे उतारासाठी तीनच फूट ठेवले. पहिल्याच दिवशी गाडीचं पोट घासलं. ९ इंच चढायला किमान ६ फूट लांब उतार हवा, म्हणजे एकास आठ. तो उतार फोडून मला सात फुटांचा करावा लागला. दारापासून रस्त्यापर्यंतचा पूर्ण उभा छेद आधी कागदावर काढा. जोतं कमी करून हा प्रश्न सोडवू नका, उतार लांब करा.

टणक जांभ्याच्या जमिनीत तीन फूट खोल, अडीच फूट रुंद चर पुरला. तळाला कडक थर लागलाच पाहिजे. कुठे भराव किंवा मऊ माती लागली तर तेवढाच भाग आणखी खाली न्या. घाटावर काळ्या मातीत बांधणाऱ्यांनी हे माप अजिबात उचलू नये. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथे इंजिनिअरने दिलेला वेगळा पाया लागतो. घराच्या पायाजवळ खणताना त्या पायाच्या तळाखाली जाऊ नका आणि सगळा चर एकदम उघडा टाकू नका. पाच-सहा फुटांचे तुकडे खणा, भरा, पुढे सरका.

तळाला ६ इंच साधं काँक्रीट, त्यावर दीड फूट जाडीचं चिऱ्याचं बांधकाम जमिनीच्या पातळीपर्यंत, मग जोत्याचा थर आणि त्यावर ६ इंच जाडीची सळईची पट्टी. ही पट्टी दाराखालूनही न्या, तिथे तोडू नका. तिच्या काँक्रीटमध्ये पाणीरोधक मिसळलं की खालची ओल वर चढायची तिथेच थांबते. वाळवीची फवारणी जमीन भरण्याआधी करून घ्या, नंतर ती करता येत नाही.

भिंत

चिरा लावण्याआधी भिजवा. कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल नुसती वाळू होऊन बसतो. एकास सहा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरे. माझ्या भिंतीला सिमेंटच्या नऊ-दहा गोणी लागल्या. सांधमोड प्रत्येक थरात हवी, खालच्या उभ्या दर्जेवर वरची दर्ज आली की तिथेच चीर जाते. दिवसाला चार-पाच थरांपेक्षा वर चढू देऊ नका आणि प्रत्येक दुसऱ्या थराला ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारं दोरीचं वजन) स्वतः लावून बघा.

९ इंच जाड, ९ फूट उंच आणि वीस फूट लांब भिंत मध्ये आधाराशिवाय उभी ठेवू नये. दोन्ही लांब भिंतींच्या मध्यावर बाहेरच्या अंगाला खांब घेतला, भिंतीत थराआड थर गुंतवून.

गॅरेजची कमजोर बाजू दाराची. तीन बाजूंना भिंत आणि चौथीला नऊ फुटांची पोकळी. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आहेत. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंना सळईचे कॉलम आणि वर तुळई, एवढ्या भागासाठी इंजिनिअरकडून सळईचा तपशील लिहून घ्या आणि त्याप्रमाणेच बांधा. मला ९ इंच रुंद, १२ इंच उंच तुळई दिली होती. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारी ६ इंचांची पट्टी, चार १० मिलिमीटर सळया, ६ इंचांवर रिंगा. कोपऱ्यात सळई तिथेच कापून थांबवायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायची. पट्टी कोपऱ्यात तुटली तर तिचा उपयोग निम्मा झाला समजा.

खिडक्या मी मुद्दाम उंच घेतल्या: तळ साडेपाच फुटांवर आणि वरची कड थेट माथ्याच्या पट्टीला. उजेड गाडीच्या टपावरून आत येतो, खाली भिंतीला लागून काम करायचं टेबल बसतं आणि चोराला वाकून बघता येत नाही.

बाहेरून चिरा उघडाच ठेवून दर्जा भरल्या. जांभ्याची भिंत गिलाव्याने झाकायची मला पटत नाही. फक्त पश्चिमेची भिंत, जिथे पाऊस आडवा मारतो, तिला गिलावा केला.

पाणी मारण्याबद्दल एक इशारा. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस ओल हवी. आणि कोकणात बांधकामाचा जोर असतो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, विहिरींनी तळ गाठलेला असताना. टँकरचा हिशोब आधी धरा, किंवा काँक्रीटची शक्य तेवढी कामं जानेवारीअखेर संपवा. गोणपाट ओलं करून अंथरलं की निम्म्या पाण्यात भागतं.

छप्पर

सपाट स्लॅब टाकायचा सल्ला मला सगळ्यांनी दिला, ‘पुढे वर खोली होईल’ म्हणून. वर खोली खरंच करायची असेल तर पाया, कॉलम सगळं त्या हिशोबाने लागतं, आणि ते गॅरेज राहत नाही. नुसत्या गॅरेजवर स्लॅब टाकून दर चार वर्षांनी गळती शोधत बसण्यापेक्षा उतरतं छप्पर बरं. खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई गंजते आणि खपल्या पडू लागतात, तो त्रास वेगळाच.

चौरस लोखंडी नळीच्या चार कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), ३० अंशांचा उतार, वर मंगलोरी कौलं. दोन्ही बाजूंना दोन फूट वळचण आणि पुढे-मागे दीड फूट बाहेर, म्हणजे तिरकस क्षेत्र ४६ चौरस मीटर होतं. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर ६९०, फूटतूट धरून सव्वासातशे. रिपांचं (कौलं ज्यांवर बसतात त्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या कौलांतली दहा जमिनीवर जोडून बसवा आणि त्यावरून ठरवा, प्रत्येक भट्टीचं कौल थोडं वेगळं असतं. लोखंडाला वेल्डिंगनंतर लगेच रेड ऑक्साइड आणि मग दोन हात रंग. वेल्डिंगच्या जागा घासून रंगवा, गंज तिथूनच सुरू होतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. पत्रे तर गेलेच, कित्येक ठिकाणी अख्खी कैची भिंतीवरून उचलली गेली, कारण ती भिंतीवर नुसती टेकवलेली होती. म्हणून माथ्याच्या पट्टीचं काँक्रीट ओतण्याआधीच, प्रत्येक कैचीच्या जागी १२ मिलिमीटरचे वाकडे बोल्ट सळईखाली अडकवून बसवा आणि कैचीची पाटी त्यावर नटाने आवळा. कडेची, वळचणीची आणि आढ्याची कौलं तारेने बांधा. वारा छपराला कडेपासून उचकटतो.

त्रिकोणी भिंती चिऱ्याच्या बांधल्या नाहीत. उंचावरचं ते वजन भूकंपात आधी पडतं. तिथे लाकडी झडपा लावल्या, त्यातून हवाही खेळते.

जमीन, हवा, वीज

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोका. मग दगडांचं सोलिंग (रचलेला थर) आणि वर ५ इंच काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन. १२ बाय २० ला १०० घनफूट काँक्रीट म्हणजे सुमारे २३ गोणी. मोजायला एक फूट बाय एक फूट बाय सव्वा फूट असा लाकडी फरमा करून घ्या, तो एका गोणीच्या मापाचा होतो. घमेल्याने मोजलं की संध्याकाळपर्यंत घमेलं अर्धं होतं. पाणी गोणीमागे २५ ते २७ लिटरच्या वर नको. बिगाऱ्याला पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून तो पाणी वाढवतो. बादली आपल्या हातात ठेवा.

दाराकडे २० फुटांत अडीच इंच उतार ठेवा, गाडीवरून निथळलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. वीस फूट सलग जमीन कुठेतरी तडकतेच, म्हणून मध्यावर दहा फुटांवर सांधा कापला. दाराबाहेर उताराच्या पायथ्याला आडवा चर आणि त्यावर लोखंडी जाळी.

हवेसाठी खाली आणि वर दोन्हीकडे जाळी हवी. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते. सीएनजी हलका, छपराखाली जमतो. खालच्या जाळीला बारीक तारेची जाळी आतून लावा, नाहीतर पावसात उंदीर आत येऊन गाडीच्या वायरी कुरतडतात. शटरच्या खालच्या कडेला रबराची पट्टी त्याचसाठी. शटर जस्त चढवलेलं घ्या. गुंडाळी आतल्या बाजूने दाराच्या वर बसते, तिला दीड फूट उंची लागते, आणि दाराच्या तुळईमागे ती जागा मी आधीच धरली होती.

आज विजेची गाडी नसली तरी मीटरपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटर तांब्याची लाइन आणि वेगळं अर्थिंग टाकून ठेवा. साध्या १५-१६ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर गाडी चार्ज होते. भिंतीवरचा सात किलोवॉटच्या आसपासचा चार्जर लावायचा तर आधी मंजूर भार तपासावा लागतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) मात्र ओल्या हवेत हवाच.

दिनदर्शिका

परवानगी आणि मोजणी पावसाळ्यात. दिवाळीनंतर खाणी पूर्ण चालू झाल्या की चिरा आणून आवारात रचा, त्याला दोन-तीन आठवडे हवा लागू द्या. डिसेंबरात पाया, जानेवारीत भिंत आणि पट्ट्या, फेब्रुवारीत कैच्या, मार्चअखेर कौलं. एप्रिल-मे जमीन, दार, वीज. होळीला आणि गावच्या पालखीला आठ-दहा दिवस कामगार मिळणार नाहीत हे धरूनच चाला. मेच्या मध्यावर छप्पर अपुरं असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तेच पुरं करा.

पहिला मोठा पाऊस आला की बॅटरी घेऊन आत उभे राहा. दिवा लावू नका. अंधारात बॅटरीचा झोत तिरका टाकला की ओलं कौल लगेच चमकतं, तिथे खालून खडूने खूण करा आणि उघडीप मिळाली की ते कौल सरकवा किंवा बदला. मग बाहेर येऊन बोळातला चर, पन्हळ आणि दारापुढची जाळी बघा. पहिल्या दोन पावसांत बांधकामाची रेती तिथे येऊन बसते, ती फावड्याने काढून टाका.